बारीक होत गेलेली अक्षरं

क्विंटन पर्व्हिस पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा नखशिखांत भिजला होता, पण कागद कोरडे होते. मेम्फिसच्या त्या पावसात त्यानं ते शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणले होते. झेरॉक्स मशीनमागे उभ्या असलेल्या लनेटाला आधी तेच आवडलं.

"कॅसेटची कव्हरं आहेत. शंभर प्रती, मिस...?"

"लनेटा. आणि काउंटरवर ठिबकू नका."

कव्हरवर त्याचाच फोटो होता, साऱ्या जगावर चिडलेला. खाली त्यानं रॅपसाठी घेतलेलं नाव: ग्रेव्हल क्यू. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आईच्या कपाटात ब्लँकेटं टांगून त्यानं रॅप रेकॉर्ड केला होता. मित्र डेमेट्रियसच्या गाडीच्या डिकीतून दोघं कॅसेट विकणार होते. आतल्या घडीवर वस्तीतल्या मारल्या गेलेल्या पोरांची नावं हवी होती. चार. लनेटा टाइप करू लागली. तिसऱ्या नावावर तिची बोटं थांबली... मार्लन टेट.

"ओळखत होतात?" त्यानं विचारलं.

"भाऊ माझा."

क्विंटननं टोपी काढून हातात धरली. प्रती निघेपर्यंत ती डोक्यावर गेली नाही.

मग दरवर्षी एक कॅसेट. दुसरीत ऑर्गन, कबरी आणि शत्रूंना धमक्या, नावं नऊ. तिसरीत ढोल संथ झाले, मागे त्याच्या आईचं चर्चमधलं गाणं आलं, नावं चौदा. कॅसेटचा कागद मात्र तेवढाच. लनेटा यादी मशीनवर लहान करून बसवायची. एकही नाव गाळायचं नाही, हा त्याचा हट्ट. पहिली प्रत तो तिच्यासाठी ठेवून जायचा. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"कशी वाटली तिसरी?"

"दुसरीत तू सगळ्यांना मारत सुटला होतास. तिसरीत कोण उरलंय ते बघतोयस."

"म्हणजे आवडली?"

"म्हणजे ऐकली."

"किती वेळा?"

"तीनदा. लगेच फुगू नकोस."

तो हसला, मग टोपीशी चाळा करत म्हणाला, "रविवारी जेवायला ये ना... आई मासे तळते."

"नको."

"मासे आवडत नाहीत?"

"आवडतात." ती मशीनकडे बघत राहिली. "मार्लनचं नाव मी या हातांनी टाइप केलं, क्विंटन. माझ्या माणसाचं आणखी एक... नाही व्हायचं माझ्याच्यानं."

चौथ्या कॅसेटच्या वेळी तो एकटा आला. डेमेट्रियसला पेट्रोल पंपावर गोळी लागली होती. गाडी पोलिसांकडे होती. या वेळी कॅसेटमध्ये कुणालाच धमकी नव्हती. एका गाण्यात तर शेवटी नुसतं गाडीचं इंजिन सुरू राहत होतं. नावं एकोणीस. इतकी लहान केल्यावर मशीननं सगळी अक्षरं शाईत बुडवली.

"वाचता येत नाही," लनेटा म्हणाली.

"माझा फोटो काढून टाक. तिथे टाक नावं."

तिनं कात्रीनं फोटो कापला. फेकला नाही, खणात ठेवला. मग खण बंद करत म्हणाली, "रविवारी दोन वाजता. माझ्याकडे. मासे मी तळीन."

रविवारी दोन वाजले. अडीच झाले. तळलेले मासे मऊ पडत चालले. दूर कुठेतरी सायरन वाजत गेला. तिचे डोळे दारावर होते आणि डोकं आपलं नेहमीचं काम करू लागलं होतं – विसावं नाव, आडनाव लांब, अजून किती लहान करावं लागेल...

दारावर थाप पडली.

तो सूट घालून उभा होता. बूट चिखलानं माखलेले. "बस आलीच नाही. गाडी आता नाही, हे लक्षातच... चालत आलो." मग तिचा चेहरा पाहून हळूच म्हणाला, "काय करत होतीस?"

"तुझं नाव त्या कागदावर कुठे बसवायचं, ते बघत होते."

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"बसतंय?"

"नाही," लनेटा म्हणाली. "जागा संपली."

आणि तिनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.