काचेवरची टकटक

कुणाला पटो न पटो, जसं घडलं तसं सांगतोय. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा तो तिच्याच टेबलापाशी उभा होता.

दोघं एकाच प्रयोगशाळेत कामाला. फिल्टरच्या चकतीतून हवा किती जाते, ते तो मोजायचा. त्या चकतीतली भोकं केवढी आहेत, ते ती. "तुम्ही बसा हवा खात," ती चिडवायची, "भोकं मी शोधते."

काचेच्या भांड्यात चकती भिजवून बसवायची. वर बोटभर पाणी. खालून हवेचा दाब हळूहळू वाढवायचा. सगळ्यात मोठ्या भोकातून पहिला बुडबुडा निघतो. कमी दाबाला निघाला, म्हणजे भोक मोठं, माल बाद.

बुडबुडा दोघांनी बघायचा, हा नियम. तिला दिसला की ती काचेवर नखाने वाजवायची. टक टक. मग तो मान हलवायचा.

त्या दिवशी ती दवाखान्यात होती, श्वासाच्या मशीनवर. आणि टेबलावर तशाच मशीनला लागणारा फिल्टर होता.

फोन आला आणि तो चकती तशीच टाकून धावला.

बऱ्याच दिवसांनी कामावर आला, तर टेबलाला कुणी हात लावला नव्हता.

"भाऊ, घाई करत नाही," साहेब म्हणाले, "पण दवाखाने माल मागतायत. तेवढं बघून टाका."

जेवणाची सुट्टी झाली. हवेची मोटार बंद. सगळे बाहेर.

चकतीवरचं पाणी एव्हाना आटायला हवं होतं...

बोटभर पाणी तसंच होतं.

तो नवी चकती घ्यायला वळला...

टक टक.

मागे कुणी नव्हतं.

चकतीच्या मधोमध एक बुडबुडा फुगला. सुटला.

दाबाचा काटा शून्यावर होता. त्याने हवेची नळीच उपसून काढली.

...दुसरा आला.

मग थांबला. खूप वेळ थांबला. मग तिसरा.

ही लय त्याला ठाऊक होती. मशीन लावण्याआधी तिच्या उशाशी बसून त्याने तिच्या श्वासाची हीच लय ऐकली होती.

साहेब हात पुसत आत आले.

"बघा, बुडबुडे," तो म्हणाला.

ते वाकले. "कुठायत? अहो, पाणी हललंसुद्धा नाही."

त्याला तर दिसत होते.

"दमलायत तुम्ही. घरी जा. मी माल पास करून..."

टक टक.

साहेब त्याच्या हातांकडे बघत राहिले. हात खिशात होते.

"हे... कोण वाजवतंय?"

त्याने काचेकडे बघून मान हलवली.

पुढे त्याच मालाच्या कितीतरी चकत्या तपासल्या. मोठं भोक एकीतही सापडलं नाही. तरी त्याने माल बाद ठरवून सही केली. शेजारी साहेबांची लागते. ते पेन उघडतात... काचेकडे बघतात... पेन मिटतात.

माल खोलीत पडून आहे. दुसरी सही अजून झालेली नाही.