पट्टा नाही, फोटो नाही

इलियासने डबा उलटा केला आणि रिळं अंगणभर पळाली.

डबा मुबश्शिराचा, त्याच्या सख्ख्या भाचीचा. ही पोर तलवाड्यात शिवणकाम करायची. मुंबईच्या 'नवलाई' मासिकाची माणसं गावाबाहेरच्या शेतघरात फोटो काढायला येणार, त्यांना कपडे मापात बसवून देणारं कुणी हवंय, असं कळल्यावर इलियासनेच तिच्यासाठी शब्द टाकला होता. आणि आज त्यानेच चार लोकांदेखत तिचा डबा झाडला. त्यात हरवलेला कमरेचा पट्टा काही निघाला नाही.

"तपकिरी रीळ न्हाई," खाली बसून रिळं वेचता वेचता मुबश्शिरा म्हणाली.

"इथं इज्जत चाललीय आन तू रिळाचं काय घेऊन बसलीस?" इलियास खेकसला.

गंगासागरबाई ओसरीवरून बघत होत्या. बीडमध्ये त्यांचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. मासिकाच्या संपादकांनी सकाळी त्यांनाच फोन केला होता. इलियास त्यांची जीप चालवायचा, तपासात मदत करायचा, आणि मदतीत घाई जरा जास्तच करायचा.

"मी सांगितलं होतं का रे झडती घ्यायला?"

"बाई, माझी भाची हाय. लोक म्हणतील, मामूनं झाकून घेतलं."

"लोक अजून काहीच म्हणाले नाहीत."

भाचीकडे बघायची इलियासची हिंमत होईना.

पट्टा होता 'ऑर्सेल' या परदेशी फॅशन कंपनीचा. कंपनीची प्रतिनिधी वर्षाराणी पांढरे हातमोजे चढवून ट्रंकेशेजारी उभी होती. "पाच वाजेपर्यंत पट्टा मिळाला नाही तर मी गेवराईच्या ठाण्यात जाणार. संशयित म्हणून हिचं नाव देणार."

मुबश्शिराचे हात थांबले. गावातल्या बायका तिच्याकडे कापड टाकायच्या ते भरवशावर. एकदा ठाण्यात नाव गेलं की शिलाई मशीन विकूनच टाकायचं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"एका पट्ट्यासाठी?" बाईंनी विचारलं. "दुसरा लावून फोटो काढा की."

"अजिबात नाही. कोट, सदरा, पँट, बूट, पट्टा. पाचही आमचेच. यातलं एक कमी चालत नाही, बाहेरचं एक जास्त चालत नाही. आमचे कपडे मासिकात कसे दिसावेत, ते आम्ही ठरवतो." ट्रंकेच्या झाकणावर फोटो चिकटवला होता. त्यात कोट पुढून सताड उघडा, आतलं तपकिरी अस्तर दिसेल असा. "तंतोतंत असाच फोटो. पट्टा नाही तर फोटो नाही. कपडे ट्रंकेत जातील आणि ट्रंक परत."

"आणि नियम कुणी मोडला तर?"

"त्या मासिकाला आमचं बटणसुद्धा पुन्हा मिळणार नाही."

"कोट बघू?"

"तो आज पिशवीतून काढलेलाच नाही. काल संध्याकाळी मी गच्चीवर होते, फोनला रेंज तिथेच येते. तेव्हा वाफेची इस्त्री करायला प्रणितानं तासभर नेला. एरवी त्याला कुणाचा हात लागलेला नाही."

मग बाईंनी एकेकाला गाठलं. फोटोग्राफर परमेश्वर वैतागला होता. "मुखपृष्ठ होतं हो माझं! मी कशाला पट्टा लपवू? आणि काल संध्याकाळी मी गेवराईत होतो, बॅटऱ्या आणायला."

प्रणिता मासिकाची. मॉडेलला कपडे चढवणं, सजवणं हे तिचं काम. ती मूळची वडवणीची, पण दहा वर्षं मुंबईत. ढगळ कुर्ता घालून ती खुर्चीच्या कडेला ताठ बसली होती.

"इस्त्री केली, पाचही वस्तू ट्रंकेत ठेवल्या. त्याआधी मुबश्शिरा तिथेच पँटची किनार टाचत होती. पण तिनं घेतला असेल असं... मला नाही वाटत."

"मग सकाळी तिनं 'दुपारपर्यंत दुसरा पट्टा शिवून देते' असं कशापायी म्हणावं?" इलियास मध्येच म्हणाला. सकाळपासून हेच त्याला टोचत होतं. चोरी अंगाशी आली म्हणून पोर सारवासारव करतेय, अशी त्याची खात्रीच झाली होती.

तेवढ्यात घर सांभाळणारी सावित्रीबाई चहा घेऊन आली. "एवढा तालेवार कोट म्हणं, आन खिसं शिवून बंद! मग सुपारी ठिवायची कुठं?" असं पुटपुटत तिने कप मांडले. कुणी लक्ष दिलं नाही. गंगासागरबाईंनी मात्र कप तसाच खाली ठेवला आणि परसदारी एक चक्कर मारून आल्या. तिथे बाभळीचं कुंपण होतं.

चार वाजता त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"चोर गावातला असता तर त्यानं कोट नेला असता," बाई म्हणाल्या. "नुसता पट्टा नेऊन काय होतं? फोटो रद्द होतो, एवढंच. म्हणजे हे काम नियम ठाऊक असलेल्याचं. मुबश्शिराला नियम ठाऊक नव्हता. असता तर दुसरा पट्टा शिवून देते, असं ती म्हणालीच नसती."

ज्या बोलण्यावरून इलियासने पोरीला चोर ठरवलं, त्याच बोलण्यावर ती सुटत होती!

"मग फोटो कुणाला नको होता? कोटाला काहीतरी झालंय, हे ज्याला ठाऊक होतं त्याला. सावित्रीबाई, कोटाचे खिसे शिवलेले आहेत हे तुम्हाला कसं कळलं? हात घातल्याशिवाय ते कळत नाही."

सावित्रीबाईने पदर तोंडाला लावला. "ताईनं घातला मला काल. लुगड्यावर. कुंपणापाशी हुबं केलं. कुनाला सांगू नका म्हनल्या, मी न्हाई सांगितलं. मी फकस्त खिशाचं म्हनले..."

"आणि कुंपण बाभळीच्या काट्यांचं. फोटोत आतलं अस्तर दिसणार होतं. वर्षाराणी, अस्तर बघा."

डाव्या बाजूला बोटभर रफू होता, तपकिरी दोऱ्याचा.

"हेच ते हरवलेलं रीळ. परमेश्वर गेवराईत, तुम्ही गच्चीवर, कोट इस्त्रीला. आता उरलं कोण? प्रणिता, आज डबा एका शिंपिणीचा झाडला. तुझ्या कुर्त्याला हात लावायचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही."

प्रणिताने कुर्ता जरा वर केला. पट्टा तिच्याच कमरेला होता. रीळ खिशातून निघालं.

"दहा वर्षं मी कंपन्यांनी दिलेला फोटो बघून तसेच्या तसे कपडे चढवतेय," ती रडत म्हणाली. "माझं असं एक तरी चित्र हवं होतं. सावित्रीबाईंना लुगड्यात बघितलं आणि राहवलं नाही. फाटल्यावर घाबरले. पट्टा कुठेतरी पडला म्हणून गप्प बसतील असं वाटलं. पण हिचं नाव आलं तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं."

वर्षाराणीने तिचा मोबाइल मागितला. लुगड्यावर तो लांब कोट, कमरेवर हात, सावित्रीबाई अशी उभी की गावच जणू तिच्या मालकीचं. वर्षाराणी बराच वेळ बघत राहिली, मग तिने फोटो पुसला. "नियम आहे," ती म्हणाली, पण आवाज पडला होता. ठाण्यात जायचं तिने पुन्हा काढलं नाही. मुंबईला मात्र गच्चीवर जाऊन कळवलं आणि प्रणिता सामान बांधायला आत गेली.

इलियास अंगणात उतरला. ट्रंकेखाली गेलेली चार रिळं वेचून तो भाचीपुढे उकिडवा बसला.

"बेटा, चुकलं माझं. माफ कर."

मुबश्शिराने त्याच्याकडे बघितलंही नाही. "ते लोक परके, मामू. त्यांना मी ठावूक नव्हते. तुमाला तर ठावूक होते ना?"

बाईंनी इलियासला अडवायचं म्हटलं असतं तर एका शब्दात अडवलं असतं, पण घाई त्याची होती, दोष दुसऱ्या कुणाला देणार?

मुबश्शिराने डबा त्याच्याकडे सरकवला. "व्हता तसा लावून द्या. मग तुमच्या घरी येते."

तो रिळं लावायला बसला. कोणता रंग कोणाशेजारी होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. उलटा करताना त्याने डब्यात बघितलंच नव्हतं.