आखाड्यावरची ओहोटी

शिरड शहापूरहून वसमतच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं, की डाव्या हाताला एक गाडीवाट फुटते. कालव्याचा पूल ओलांडून ती थेट विश्वंभर गुरुजींच्या आखाड्यावर जाते. आखाडा म्हणजे रानातलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं एक कडुलिंब, आणि लिंबापासून हाकेच्या अंतरावर जुनी दगडी विहीर. विहिरीत उतरायला पायऱ्या. तिचा तळ मात्र कुणी पाहिला नव्हता. मोठमोठ्या दुष्काळातसुद्धा ती आटली नाही, असं गुरुजींचे वडील सांगायचे.

दर वैशाखात रखमाजी धनगर आपली मेंढरं गुरुजींच्या रानात बसवायला आणी. रानाला खत मिळे, मेंढरांना पाणी. त्या वर्षीही त्यानं आणली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो लिंबाखाली येऊन उभा राहिला.

"गुरुजी, तुमच्या हिरीत कोणी मीठ टाकलं का?"

"मीठ? काहून?"

"मेंढरं पाण्याला तोंड लावनात. अन् दगडं चाटून राहिलेत. हाकलली तरी हटनात."

गुरुजी जाऊन पाहतात तर खरंच. सगळा कळप विहिरीच्या कठड्याला चिकटलेला, जिभा खरखर वाजत होत्या. गुरुजींनी कठड्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.

"उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की क्षार वाढतात, रखमाजी. त्यात काय नवल न्हाई."

"व्हय, असंल," रखमाजी म्हणाला. पण त्याच दिवशी त्यानं मेंढरांभोवती लावलेली जाळी, वाघूर, गुंडाळली आणि मेंढरं घेऊन तो निघाला. जाताना एवढंच बोलला, "रात्रभर एक बी मेंढरू बसलं न्हाई, गुरुजी. समदी हिरीकडं तोंड करून हुभी होती."

मेंढरं गेली आणि रान पुन्हा मुकं झालं. तसं ते कार्तिकापासून मुकंच होतं.

गुरुजींनी कळमनुरीच्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला. सगळ्या खंडांत त्यांचा जीव युरोपवर. नकाशा न बघता ते फळ्यावर युरोपची किनारपट्टी काढायचे. वर नॉर्वेच्या चिंचोळ्या खाड्या, फियोर्ड, खाली इटलीचा बूट, पश्चिमेला समुद्रात घुसलेलं पोर्तुगाल. "समुद्रानं कुरतडलेला खंड आहे हा, पोरांनो," असं ते सांगत. "म्हणून तिथला माणूस दर्यावर्दी झाला." स्वतः गुरुजींनी समुद्र कधीच पाहिला नव्हता.

त्यांची एकुलती एक लेक राधिका याच खडूच्या रेषांवर वाढली. परभणीच्या कृषी विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकली आणि नेदरलँडच्या उत्तर किनाऱ्यावर संशोधनाला गेली. तिथला समुद्र उथळ. ओहोटी लागली की कोसच्या कोस मागं सरतो आणि चिखलाचं उघडं मैदान मागं टाकतो. त्या मैदानावर लोक चालत बेटांवर जातात. राधिका त्या चिखलाचे नमुने गोळा करायची. फोनवर सांगायची, "बाबा, इथली जुनी गावं टेकाडांवर आहेत, माणसांनी भर घालून केलेल्या. आपल्याकडच्या गावठाणाच्या पांढरीसारखी. टेकाडावर चर्च, चर्चभोवती थडगी. पाणी आलं तरी मेलेली माणसं कोरडी राहिली पाहिजेत म्हणे." तिनं गुरुजींच्या मोबाइलमध्ये तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा दिसतील अशी सोय करून दिली होती. ओहोटी असली की ती चिखलात, तेव्हा फोन करायचा नाही, एवढ्यासाठी.

कार्तिकात एका सकाळी ती चिखलावर गेली आणि धुकं उतरलं. मग भरती आली. लोकांनी होड्या घातल्या, वरून हेलिकॉप्टर फिरवलं. सापडलं काहीच नाही.

देह नाही म्हणून दहावा नाही, तेरावा नाही. समाचाराला आलेली माणसं काय बोलावं ते न कळून चहा पिऊन जात. हळूहळू तीही यायची थांबली. गुरुजी आणि त्यांची बायको मंजुळाबाई शिरडचं घर सोडून आखाड्यावर राहायला आले. दिवसदिवस दोघांत बोलणं नसे. ती चुलीपुढं, ते लिंबाखाली. ताट वाढलं की ती भांडं वाजवी आणि ते उठत.

रखमाजी गेल्यावर गुरुजींनी विहिरीकडं नीट लक्ष दिलं. सकाळी पाहिलेली पायरी दुपारी बुडालेली असे, आणि संध्याकाळी तीच पायरी ओलीचिंब उघडी. त्यांना वाटलं, कालव्याला पाणी सोडलं असेल, पाझर येत असेल. कालव्यावर जाऊन पाहिलं तर कालवा कोरडा ठक्क, बुडाशी भेगा पडलेल्या. शेजारच्या कुणाच्या मोटारीनं उपसा होत असेल म्हणावं, तर वीज दोन दिवस नव्हती. पाणी मात्र दिवसातून दोनदा चढत होतं, दोनदा उतरत होतं, आणि रोज कालच्यापेक्षा जरा उशिरा.

असं पाणी कुठं चढतं-उतरतं, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. पण त्यांनी मनाला त्या शब्दापाशी फिरकू दिलं नाही. एका दुपारी पाणी तळाकडं सरकत असताना त्यांनी सहज केल्यासारखा खिशातून मोबाइल काढला आणि राधिकेनं दाखवलेली भरती-ओहोटीची ती निळी रेघ पाहिली. तिकडंही ओहोटी होती. पाणी वळून चढू लागलं तेव्हा पुन्हा पाहिलं. रेघही वळली होती.

मंजुळाबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही.

त्यानंतर ते दुपारभर विहिरीच्या कठड्यावर बसू लागले. बाहेर ऊन असं, की पत्रा तडतड वाजे. विहिरीतून मात्र गार वारा वर येई. कुजक्या शेवाळाचा, शिंपल्यांचा वास त्यात असे, आणि तो समुद्राचाच असणार हे समुद्र न पाहिलेल्या माणसालाही कळत होतं. पाणी खूप उतरलं की फार लांबून घंटेसारखा आवाज यायचा. देवळातली घंटा नव्हे ती. जड, सावकाश, एकेक टोला देणारी. एकदा त्या टोल्यांच्या मध्ये त्यांना "बाबा" असं ऐकू आलं. ते उठून घरात गेले आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता मंजुळाबाई म्हणाल्या, "पाणी उतरलं की ती बोलती."

"कोण?"

मंजुळाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. "तुमाला बी ऐकू येती. मला म्हाईत हाय."

"वारा असतो तो. दगडाच्या फटीतून घुमतो."

"वाऱ्याला आपलं नाव कसं म्हाईत?"

गुरुजींनी ताट पुढं ओढलं.

अमावास्या आली. अमावास्येला चंद्र-सूर्य एका ओळीत येतात, भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटी सर्वांत खोल जाते. हे गुरुजींनी किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल. तरी त्या दिवशी घरात पीठ नव्हतं म्हणून ते दळण घेऊन शिरडला गेले. गिरणीत गर्दी होती. परत यायला उन्हं कलायची वेळ झाली.

घराचं दार सताड उघडं. चूल विझलेली. त्यांनी हाक मारली, ओ आली नाही. विहिरीच्या पहिल्या पायरीवर मंजुळाबाईंच्या चपला होत्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या.

गुरुजी पायऱ्या उतरू लागले. नेहमीच्या शेवटच्या पायरीखाली आणखी पायऱ्या होत्या, त्यांनी जन्मात न पाहिलेल्या. त्यांच्यावर बारीक शिंपले चिकटले होते. त्याखाली विहिरीचा तळ उघडा पडला होता. करडा, गुळगुळीत चिखल, आणि त्यावर वाऱ्यानं काढाव्यात तशा लहरींच्या रेघा.

समोरच्या भिंतीत, अगदी बुडाशी, दोन दगड निखळून भगदाड पडलं होतं. त्यातून धुकं आत येत होतं. आणि उजेड. वैशाखातल्या उन्हाचा नव्हे, पावसाळी सकाळी असतो तसा फिका उजेड.

मंजुळाबाई गुडघ्यापर्यंत चिखलात रुतून, त्या भगदाडात खांद्यापर्यंत हात घालून उभ्या होत्या.

"धरलंय मी तिला," त्या मागं न बघताच म्हणाल्या. "या, वढू लागा मला."

"मंजुळा, वर चल."

"आवो, धरलंय म्हणते ना! लई गारठलंय लेकरू."

तेवढ्यात भगदाडातून पाण्याची पातळ जीभ आत आली. चिखलावरच्या रेघा पुसत गेली.

गुरुजींनी बायकोला कमरेला धरून ओढलं. ती हलेना. पाणी मांड्यांपर्यंत चढलं. बर्फासारखं.

"सोड, मंजुळा. भरती लागली."

"न्हाई सोडणार."

आणि पलीकडून, अगदी जवळून, दमलेला आवाज आला. "माय, थांब. आलेच."

पाणी छातीला लागलं.

गुरुजींनी डोळे मिटले आणि आपला हात बायकोच्या हातावरून भगदाडात सारला. मूठ सापडली. एकेक बोट सोडवू लागले.

त्यांच्या बोटांखाली मंजुळाबाईंची बोटं होती. आणि त्या बोटांत गुंतलेली आणखी बोटं.

त्यांनी तीही सोडवली.

बायकोला काखेत धरून त्यांनी वर कसं आणलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मंजुळाबाई लिंबाखाली ओल्या लुगड्यानिशी बसून आपल्या तळहाताकडं पाहत राहिल्या. अंधार पडायच्या आत गुरुजींनी पुतण्याला, वैजनाथला, बोलावून घेतलं. त्याच्या मोटारसायकलवर बसवून तिला शिरडच्या घरी पाठवलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "उद्या परत उतरंल पाणी. मी येते."

ती येणार याबद्दल गुरुजींना शंका नव्हती. कुणी किती दिवस राखण करणार? एक जीव गेला होता, दुसरा डोळ्यांदेखत चालला होता. दुसऱ्या दिवशी वैजनाथ आपलं जेसीबी घेऊन आला तेव्हा गुरुजी विहिरीपाशीच उभे होते.

"काका, एवढी जित्या पाण्याची हीर काहून बुजवायलाव?"

"पाणी खारं झालंय. तुझी काकू पडता पडता वाचली. बुजव."

वैजनाथनं जवळची माती म्हणून शेजारच्या वाफ्यातली घेतली. नुकतीच हळद काढलेलं रान, काळीभोर, मऊ माती. पाणी उतरलेलं होतं, त्यामुळं काम सोपं होतं. खोऱ्यामागं खोरं आत पडू लागलं. निम्मी विहीर भरली असेल, एकाएकी वैजनाथनं यंत्र बंद केलं.

"काका, आत कोणी हाय का?"

"कोणी न्हाई."

"आवाज आला. बाईमाणसाचा."

रानात सगळीकडं शांत होतं. लिंबाची पानंसुद्धा हलत नव्हती. गुरुजी विहिरीच्या कठड्यापर्यंत गेले, पण त्यांनी आत वाकून पाहिलं नाही. त्यांनाही ऐकू येत होतं. ती नेहमीसारखी लांबून बोलत नव्हती. मातीच्या अगदी खालून बोलत होती.

"टाक तू," ते म्हणाले.

वैजनाथनं यंत्र सुरू केलं. संध्याकाळपर्यंत विहिरीच्या जागी जमिनीला समतल काळा चौकोन उरला. गुरुजींनी त्यावर स्वतः पाय दाबून पाहिलं. घट्ट होतं.

मंजुळाबाईंना कळलं तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या. गुरुजी शिरडला येऊन त्यांच्या उशाशी बसून राहिले. आता सगळं संपलं, असं ते स्वतःला समजावत होते.

आणि मग फोन आला. राधिकेच्या संस्थेतल्या बाईंचा. त्या मागंही दोन-तीनदा बोलल्या होत्या. गुरुजींना समजावं म्हणून त्या इंग्रजी अगदी सावकाश बोलत. गुरुजी फोन घेऊन ओसरीवर आले.

त्यांची मुलगी सापडली होती. सकाळच्या ओहोटीनंतर, उघड्या चिखलावर. किनाऱ्याच्या बांधापासून फार लांब नाही. देह पूर्ण होता, त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांनी असा कसा, ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. त्यांनी मृत्यूच्या तारखेचा रकाना कोरा ठेवला होता.

गुरुजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारायचं होतं, सर," बाई म्हणाल्या. "आमच्याकडचा चिखल करडा असतो. तिच्या केसांत, नखांत, तोंडात जी माती आहे ती काळी आहे. चिकट. अशी माती आमच्या किनाऱ्यावर कुठंच नाही. आणि उजव्या मुठीत एका मुळाचा तुकडा होता. तिनं फार घट्ट धरला होता, बोटं उघडायला वेळ लागला. मी तो मोडून पाहिला."

पलीकडं वाऱ्याचा आवाज येत होता.

"आतून गर्द पिवळा निघाला. अजून ओला आहे. काय असतं हे?"