पिस्तुलानं न ओळखलेला अंगठा

देवाची शपथ घेऊन सांगतो, यातलं अक्षरही पदरचं नाही. सरलाआत्या माझी सख्खी आत्या, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मयूर विहार, दिल्ली. गेल्या जानेवारीतली एकादशी.

आत्याचे यजमान विश्वनाथराव फौजेतून निवृत्त झालेले. सोसायटीतल्या कीर्तनात पखवाज वाजवायचे. नोएडातल्या एका छोट्या कंपनीनं त्यांना नव्या धर्तीचं पिस्तूल चाचणीसाठी दिलं होतं. मालकाचा अंगठा ओळखला तरच चालणारं. ओळख पटली की नाही, ते त्यांचा मोबाइल बोलून सांगायचा.

“अगं, पतिव्रता आहे हे पिस्तूल. परक्या हाताला दाद देत नाही.”

“मग तिच्याच हातचा चहा प्या!” आत्या फणकारायची.

त्या दिवशी कीर्तन असं रंगलं, की बुवांच्या भैरवीला सगळ्यांचे डोळे भरून आले. विश्वनाथरावांनी पखवाजाला लावलेली ओली कणीक अंगठ्यानं खरवडून काढली. हात धुवायला उठले.

“अहो, हात मागून धुवा. आधी आरती घ्या.”

त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला. आरती घेतली. दोघं घरी आले.

दाराचं कुलूप तुटलेलं होतं...

आत दोन माणसं. एकाच्या हातात गावठी कट्टा. विश्वनाथरावांनी आत्याला मागे ढकललं, दाराजवळच्या कपाटातून पिस्तूल काढलं, अंगठा टेकवला.

“पहचान नहीं हुई,” मोबाइल बोलला.

पुन्हा टेकवला.

“पहचान नहीं हुई.”

तिसऱ्यांदाही तेच.

मग कट्टा वाजला. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा सहा चाळीस झाले होते.

अंगठ्यावर कणकेचा पापुद्रा वाळला होता. एवढंच.

पिस्तूल पोलिसांच्या मालखान्यात गेलं. सीलबंद. बॅटरी काढून.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी बरोबर सहा चाळीसला, देवापुढे ठेवलेला त्यांचा मोबाइल आपोआप बोलला...

“पहचान नहीं हुई.”

तीनदा. मग रोज त्याच वेळी, तीनदा.

आत्याला भीती नाही वाटली. रडूच यायचं. “अजून मला वाचवायला धडपडतायत रे. आणि मीच हात धुऊ दिले नाहीत.”

शेवटी मी कंपनीच्या इंजिनिअरला, सुजयला, बोलावलं. त्यानं मोबाइल उलटसुलट करून तपासला.

“काकू, पिस्तुलात बॅटरी नसताना हे होऊच शकत नाही. काकांचा ठसा सिस्टिममधून पुसून टाकू?”

“मग सुटतील का रे ते?”

“आवाज तरी थांबेल.”

आत्यानं मोबाइलवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, “पूस बाबा. त्यांना विसावा मिळू दे.”

सुजयनं ठसा पुसला.

सहा चाळीस. शांतता... आत्यानं हात जोडले.

“पहचान नहीं हुई.”

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

चौथ्यांदा...

पाचव्यांदा...

सुजयनं मोबाइल बंद केला. काळ्या पडद्यातून आवाज येतच राहिला. आत्यानं तो छातीशी धरला. “अहो, थांबा ना! मी बरी आहे हो! सुजय, परत नोंद कर त्यांची, आत्ताच्या आत्ता!”

सुजय मान खाली घालून म्हणाला, “काकू... नोंदीला काकांचा अंगठा लागतो.”

काल मी आत्याला फोन केला. ती हळू आवाजात कुणाची तरी समजूत काढत होती. मागे तो आवाज चालूच होता...

दुपारचे बारा वाजले होते.