बाहेरची कडी

माणसाचा डोळा कोऱ्या भिंतीवरून सरळ, संथ फिरू शकत नाही. आपल्याला वाटतं आपण नजर फिरवतो. प्रत्यक्षात ती बेडकासारखी उड्या मारत जाते. टेकते, उडते, पुन्हा टेकते. न अडखळता सरकायचं तर तिला एकच गोष्ट लागते: समोर काहीतरी सरकत असावं लागतं. ते नसेल तर कितीही मन लावून प्रयत्न करा, जमत नाही.

हे तिला पाठ होतं, कारण तिचं पोट त्यावर चालत होतं. भौतिकशास्त्र शिकून ती एका लहानशा व्हिडिओ गेम कंपनीत लागली होती आणि काम होतं खेळणाऱ्यांच्या नजरा मोजण्याचं. चाचणीच्या खोलीत एक पडदा, त्याखाली डोळे टिपणारा छोटा कॅमेरा, दोन खुर्च्या. काचेपलीकडे शेजारच्या खोलीत ती. खेळणारा जिथे बघेल तिथे तिच्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा. कुठे रमला, कुठे कंटाळला, ठिपका खोटं बोलत नसे.

त्या वर्षी कंपनीची नाव डगमगत होती. मालकांनी खेळांच्या एका जुन्या मालिकेचे हक्क मिळवले आणि सगळी मदार त्या मालिकेवर ठेवली. मालिकेचं नाव ‘विश्रामगृह’. तीन भाग निघून बंद पडलेली. चाहते मूठभर, पण असे चिवट की दरवर्षी पत्रं लिहून चौथा भाग मागायचे. खेळ विचित्रच होता. आपण एका लांबलचक विश्रामगृहाचे रखवालदार. खोल्या उघडायच्या, खिडक्यांतून हवा घ्यायची, चादरी झटकायच्या, पाणी भरायचं. पाहुणे कधीच येत नाहीत. बस, एवढंच.

“मॅडम, मला एकच सांगा,” मालक म्हणाले होते, “हे मूठभरांच्या बाहेर चालेल का? तुम्ही हो म्हणा, मी काढतो. नाही म्हणा, दुकानाला कुलूप लावतो. सगळं तुमच्या डोळ्यांवर.”

“माझ्या नाही, लोकांच्या,” ती म्हणाली होती.

पहिल्या चाचण्यांत नवे खेळाडू एका ठरावीक टप्प्यावर उठून जात. प्रत्येक खोली आवरून झाली की दार ओढायचं आणि कडी घालायची: उचलायची, सरकवायची, दाबायची. दर खोलीला, दर वेळी. ठिपका तिथे पेंगायला लागायचा. तिने अहवालात लिहिलं: कडी काढून टाकावी. खेळात तिचं काही काम नाही. शिवाय पाहुण्यांच्या खोलीला कडी बाहेरून असणं तर्काला धरून नाही.

नव्या आवृत्तीचं काम बघणारा चष्मिस नावाप्रमाणेच जाड भिंगांचा होता. त्याने डोकं खाजवलं. “ताई, जुन्या लोकांना ती कडीच आवडते म्हणे.”

“जुने लोक किती आहेत?”

“ते पण खरंच,” म्हणून त्याने कडी काढली.

आणि खेळ चालला. लोक बसायचे ते उठेचनात. एक बसचालक ‘दहा मिनिटं बघतो’ म्हणून बसला आणि त्याला शेवटी हात धरून उठवावं लागलं. मालक हवेत तरंगू लागले. “तोंडात साखर पडो तुमच्या, मॅडम!”

त्याच बसचालकाच्या चाचणीत तिने ते पहिल्यांदा पाहिलं. कॉरिडॉरच्या टोकाला, शेवटच्या खोलीसमोरच्या कोऱ्या भिंतीवर, ठिपका सरकला. उड्या न मारता. सलग, तेल लावल्यासारखा, आणि थांबला. पडद्यावर तिथे काहीही नव्हतं.

कॅमेरा चुकला असेल. तिने तो पुसला, नव्याने जुळवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दातांची डॉक्टर आली. तिचा ठिपका बसचालकाचा जिथे थांबला होता तिथून निघाला आणि कॉरिडॉरच्या मध्यावर येऊन थांबला. त्याच क्षणी तिने आपला रखवालदार भिंतीला चिकटवून उभा केला. क्षणभर थांबली, मग पुढे गेली.

“मध्ये बाजूला का झालात?” चाचणीनंतर तिने डॉक्टरला विचारलं.

“कधी?” डॉक्टरने आठवून पाहिलं. “हां. कोणी येत होतं ना. अरुंद आहे तिथे.”

“कोण?”

डॉक्टर हसली. “बघितलं नाही बाई मी. वाट दिली, झालं.”

तिने पडदा बदलला. दिवे बदलले. त्याच लोकांना दुसरा खेळ दिला. ठिपके शहाण्यासारखे उड्या मारत राहिले. ‘विश्रामगृह’ लावलं की पुन्हा तेच. चित्रकलेच्या शिक्षकाचा ठिपका कॉरिडॉर संपवून जिन्यापर्यंत आला. एका विद्यार्थिनीचा जिना उतरून रखवालदाराच्या टेबलापर्यंत. एकाचं संपायचं तिथून दुसऱ्याचं सुरू व्हायचं, जणू सगळे मिळून एकाच कुणाला दारापर्यंत सोडायला निघाले होते.

आणि मग एका नर्सचा ठिपका पडद्याच्या डाव्या कडेला गेला आणि पडद्याबाहेर गेला.

चेहरा टिपणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसत होतं: नर्सने मान वळवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. ओळखीचं कोणी शेजारी येऊन बसल्यावर पाहतो तसं. मग ती पुन्हा खेळू लागली.

आठवड्याच्या अहवालात यातलं काही गेलं नाही. आकडे उत्तम होते, आकडेच गेले. जिचं कारण कळलं नाही ती गोष्ट लिहायची नसते, असं तिने स्वतःला समजावलं. खरं कारण ते नव्हतं हे तिला पुरतं ठाऊक होतं. कडी तिने काढायला लावली होती.

आणखी एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. कडी काढलेल्या खेळाची एक प्रत तिने आईला दिली होती.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. बाबा गेल्यापासून दिवसातून चार-चार फोन करायची, आणि प्रत्येक फोन नेमका कामात यायचा. जुना लॅपटॉप नेऊन तिने खेळ लावून दिला. आईला घर आवरणं आवडतं. पडद्यावरचं आवरू दे. फोन दोनावर आले, मग एकावर, मग थांबले. पहिले काही दिवस तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज नंतर आली.

नर्सच्या चाचणीनंतर ती संध्याकाळी आईकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

“आई! कडी नाही लावलीस?”

“अगंबाई, शास्त्रज्ञ उगवल्या!” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “लावायची कशाला? येणं-जाणं असतं.”

जन्मभर दाराची कडी तीनदा तपासणारी बाई हे बोलत होती. रंग चढला होता तिच्या चेहऱ्यावर, केस नीट विंचरलेले. लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या होत्या. बाबांची खुर्ची माळ्यावर टाकलेली होती, ती आईने एकटीने खाली काढली होती.

“कोणाचं येणं-जाणं?”

“तू तर येत नाहीस,” आई म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, ते जास्त लागलं.

“आई, शेजारी कोण बसतं?”

आईने तिच्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. “बाबा नव्हेत तुझे, घाबरू नको. ते इतका वेळ गप्प बसले असते का?”

चहा घेऊन बाहेर येताना आई मधल्या बोळात भिंतीला लागून चालली. कप सावरून, अंग चोरून. बोळ चांगला रुंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चष्मिसला गाठलं. “कडी परत घाल.”

“ताई, आता? मालक मला कच्चा खातील.”

“फक्त चाचणीपुरती. त्यांना मी बघते.”

कडी आली. दातांच्या डॉक्टरला तिने पुन्हा बोलावलं. डॉक्टर कुरकुरत एकेक दार लावत गेली: उचल, सरकव, दाब. ठिपका उड्या मारत राहिला. भिंतीवर, दारावर, दिव्यावर, सगळीकडे उड्या. शेवटच्या खोलीसमोरही काही सरकलं नाही. काचेमागे तिने कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला. कडीने काम केलं होतं. जुन्यांना उगीच आवडत नव्हती ती.

“पूर्वीचं बरं होतं,” डॉक्टर पर्स उचलत म्हणाली. “आता अगदीच रिकामं वाटतं हो आत.”

आणि खोलीतून बाहेर पडताना ती दाराशी थबकली. पाठ चौकटीला टेकवून, पर्स पोटाशी धरून, एक क्षण उभी राहिली. मग निघून गेली.

रिकामं वाटतं. तो शब्द तिच्या डोक्यात घर करून बसला. खरंच आत आता काही नव्हतं. कडी रिकाम्या खोलीला घातली होती.

त्या रात्री मालकांचा निरोप आला: उद्या काय ते सांगा, मॅडम, आता थांबता येत नाही. तिने उत्तर लिहिलं, खोडलं. ‘नाही’ म्हटलं तर चष्मिसचं, मालकांचं, इतक्या जणांचं काय? ‘हो’ म्हटलं तर प्रत्येक घरात एक लॅपटॉप, एक जास्तीची खुर्ची. आणि कारण काय सांगायचं? ठिपका?

निदान एक काम हातातलं होतं. सकाळी कामावर जाण्याआधी ती आईकडे गेली. आई भांडेल, रुसेल, या तयारीने.

“आई, हा मला परत हवाय.”

“घेऊन जा की,” आई म्हणाली. तिने स्वतःच वायर गुंडाळून दिली. “आता लागत नाही.”

दोन्ही खुर्च्या तिथेच होत्या. फक्त त्या आता लॅपटॉपच्या टेबलाकडे नव्हे, एकमेकींकडे तोंड करून होत्या.

“तू चल माझ्याकडे. आजच. चार कपडे भर.”

“आणि घर असं टाकून?” आईने तिच्या गालावर हात ठेवला. हात ऊबदार होता. “पाहुणं असताना?”

बैठकीच्या खोलीत तिघंच होती. मालक टेबलापलीकडे, त्यांच्या बाजूला चष्मिस, अलीकडे ती. तिच्या पायाशी पिशवीत लॅपटॉप. डावीकडची खुर्ची रिकामी. दार तिने आत येताना ओढून घेतलं होतं. ते आता बोटभर उघडं होतं.

“हं, मॅडम,” मालक म्हणाले. “घोडं गंगेत न्हाऊ द्या एकदाचं. हो की नाही?”

तिने तोंड उघडलं. काल रात्री घोटलेली वाक्यं होती. कडीशिवाय काढू नये. कडीसह काढला तरी...

मालकांचं लक्ष नव्हतं. ते दाराकडे बघत होते.

मग त्यांची नजर निघाली. इतकी वर्षं नजरा मोजल्यावर तिला कॅमेरा लागत नव्हता. दारापासून टेबलाच्या कडेपर्यंत. तिथून पाण्याच्या बाटलीवरून. तिच्या खांद्यामागून. एकदाही टेकली नाही.

चष्मिसची नजर त्यांच्या नजरेबरोबर, त्याच वेगाने.

दोघांच्या नजरा तिच्या डावीकडे येऊन थांबल्या.

“काय झालं?” तिने विचारलं.

“कुठे काय?” मालक गोंधळले. “बोला ना, ऐकतोय.”

टेबलाखाली चष्मिसने पाय आखडून घेतले होते.

आईकडे आहे, तर इथे कसं असेल? तिचं मन अजून शिस्तीत चालत होतं. एकच आहे, हे आपण कशावरून धरून चाललो? विश्रामगृहात खोल्या तर ओळीने होत्या.

“मॅडम?”

तिला वळून बघायचं नव्हतं. तिने समोरच्या भिंतीवर नजर रोखली. कोरी, पांढरी भिंत. नजर सुटली. तिला जाणवलं, तिची नजर उड्या मारत नव्हती.

“हा खेळ काढायचा नाही,” ती म्हणाली. हळू आवाजात, डावीकडे बघत, परवानगी मागितल्यासारखं.