इथेलची नखे

वेल्सच्या डोंगरमुलखात, नदीच्या वळणावर उभ्या असलेल्या कारेग-वेन किल्ल्याला त्या पहाटे धुक्याने असे काही गिळले होते, की तटावरच्या पहारेकऱ्याला आपल्याच भाल्याचे टोक दिसत नव्हते. आणि जवळच्या ओढ्यापलीकडे वेढा घालून बसलेला नॉर्मन उमराव वॉरिन नेमक्या ह्याच धुक्याची वाट पाहत होता. शिड्या लावून झाल्या, सुरुंग खणून झाले, पण किल्ल्याचे धनी राजे गोरोन्वी काही वाकले नाहीत. वॉरिन मोठा पाताळयंत्री! तलवारीने जमेना तेव्हा तो कपटावर उतरला, आणि त्या कपटाला लागणारा माणूस आदल्या संध्याकाळी त्याच्या चौकीवर अलगद सापडला होता.

तो माणूस म्हणजे इथेल, राजांचा दरबारी हार्पवादक. शेजारच्या राजाकडे कुमक मागायला तो हार्प हे तंतुवाद्य पाठीला बांधून रात्रीच्या अंधारात बाहेर पडला होता. सोबतीला त्याचा धाकटा भाऊ एलिदिर होता. मठात पोथ्या लिहिणारा, लॅटिनचा गाढा पंडित असा हा पाद्री. कुमक मिळाली नाही ती नाहीच, आणि परतताना दोघेही भाऊ शत्रूच्या हाती लागले.

आता किल्ल्याचा हुकूम असा होता, की वेढा असेतोवर दरवाजा कोणाच्याही हाकेला उघडायचा नाही. आवाजाची नक्कल कोणीही करील. इथेलच्या हाताची नक्कल कोणाला साधायची नाही. म्हणून त्याने परतल्यावर दरवाज्याबाहेर राजघराण्याची चाल वाजवावी आणि ती ऐकून आतल्यांनी अडसर काढावा, असे ठरले होते. किल्ल्यातल्या घोड्यांची निगा राखणाऱ्या एका मोतद्दाराला पकडून, त्याचे तळपाय भाजून, वॉरिनने हे गुपित काढून घेतले होते.

“वादकमहाशय,” वॉरिन अदबीने म्हणाला, आणि त्याची अदब शिवीपेक्षा वाईट असे. “आपण दरवाज्यापुढे उभे राहून आपल्या राजांची चाल वाजवावी. दरवाजा उघडला, तर आपण आणि आपले बंधुराज मोकळे. नाही उघडला, तर दरवाज्यासमोरचा ओकवृक्ष आम्ही हेरून ठेवला आहे. पाद्रीबाबांचे वजन त्याला सहज पेलेल.”

“आणि आतल्या बायकामुलांचं काय होईल?” इथेलने विचारले.

“त्यांची काळजी आपण कशाला करता? आम्ही करू की!” वॉरिन हसला. मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या वादकाकडे त्याने बोट दाखवले. “हे आमचे गियोम. ती चाल त्यांनी मोतद्दाराकडून गाऊन घेतली आहे. एक सूर जरी इकडचा तिकडे झाला, तर ते मला सांगतील.”

गियोमने मान लववली. कानाचा तो पक्का तयार होता, ह्यात शंका नाही. पण त्याच्या मुलखात हार्प बोटांच्या पेरांनी वाजवीत, आणि वेल्सचे वादक नखांनी. त्यासाठी इथेलने तरुणपणापासून नखे वाढवून, जपून, दगडासारखी टणक केली होती. घोड्याच्या केसांच्या तारांवर ती पडली की सूर तटापलीकडे खणखणत जाई. ती नखे हेच त्याचे वतन होते. कारण हार्प राजांच्या मालकीची, आणि नखे गेलेल्या वादकाने ती परत करायची, असा त्या दरबाराचा शिरस्ता होता.

धुक्यातून दबक्या पावलांनी टोळी निघाली. इथेलला हार्प धरायची म्हणून त्याचे हात मोकळे ठेवले होते. एलिदिरचे मागे बांधले होते. चालता चालता इथेलने अंगरख्याची टोपी तोंडावर ओढली आणि पहिले नख दातांत धरून मोडले. कट्‌ असा आवाज झाला. एलिदिरने वळून पाहिले. भावाच्या ओठांवर रक्त दिसले आणि तो उमजला. आपल्या गळ्याचा दोरच दादा दातांनी वळतो आहे, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. अहो, त्या क्षणी तो नुसता ओरडला असता तरी वाचला असता! ओरडला नाही. त्याने मोठ्याने प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, म्हणजे दुसऱ्या नखाचा आवाज कोणाला ऐकू जाऊ नये.

“गप्प करा त्या पाद्र्याला!” वॉरिन कुजबुजला.

शिपायाने भाल्याचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात गेले, तरी प्रार्थना सुरूच राहिली. शेवटचे नख मोडून झाल्यावर इथेलने भावाकडे पाहून मान हलवली, तेव्हाच एलिदिर थांबला.

दरवाज्यापुढे इथेलने चाल वाजवली. एकही सूर चुकला नाही. सोललेल्या बोटांतून रक्त तारांवरून ओघळत होते, आणि गियोम समाधानाने वॉरिनला खूण करीत होता, की सारे बिनचूक आहे.

आत दरवानाने अडसराला हात घातला. तेवढ्यात देवडीवर खुद्द राजे गोरोन्वी आले.

“थांबा!” ते म्हणाले. “चाल आमची आहे, हातही इथेलचाच आहे. मग नखं कुठं गेली?”

पुन्हा कान देऊन ऐकल्यावर हा दगा आहे हे त्यांनी ओळखले. त्यांनी तटाकडे हात केला आणि वरून शिळा सुटल्या. दरवाज्याला भिडलेली वॉरिनची निवडक माणसे तिथल्या तिथे चेचली गेली.

दातओठ खात वॉरिन मागे हटला, पण दोघा भावांना फरफटत नेण्याइतका सावध तो होताच. गियोम चाचरत म्हणाला, “सरकार, सूर बरोबर होते हो!” वॉरिनने इथेलचे हात उलटून पाहिले.

“नखे नकोशी झाली काय?” तो शांतपणे म्हणाला. “मग पेरे तरी कशाला हवीत?”

एकेका बोटाचे पेर कुऱ्हाडीने तोडून होईपर्यंत इथेल शुद्धीवर राहील, ह्याची त्याने खबरदारी घेतली. मग धुके विरल्यावर, किल्ल्यातल्या सर्वांना दिसेल अशा बेताने, त्याच्या डोळ्यांदेखत एलिदिरला ओकावर चढवले.

“दादा, मान वर ठेव,” एलिदिर एवढेच म्हणाला.

पुढे थंडीने वेढा उठला, आणि जाताना वॉरिनने इथेलला निकामी म्हणून मागेच टाकले. विजयाचा दरबार भरला, तेव्हा राजांनी इथेलला छातीशी धरले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. पण मग ते जरा दूर सरून म्हणाले, “इथेल, तुमच्यासारखा इमानी माणूस आम्ही पाहिला नाही. पण शिरस्ता वाडवडिलांचा आहे. हार्प परत करावी लागेल.”

“घ्या, राजे. माझं एकच मागणं आहे. विजयाच्या गाण्यात माझ्या भावाचं नाव घाला. त्यानं प्रार्थना म्हटली म्हणून माझ्या नखांचा आवाज झाकला गेला.”

“फासावर गेलेल्याचं नाव मेजवानीत घ्यायचं?” राजांनी कपाळाला आठ्या घातल्या. “अपशकुन होईल. शिवाय कपट आमच्या कानांनी ओळखलं, हे साऱ्या मुलखात जाहीर झालं आहे. मात्र तुम्हाला उघड्यावर टाकणार नाही. दरवाज्याची चाकरी घ्या. अडसराला बोटं कशाला लागतात? खांदा पुरतो.”

राजांच्या दिलदारपणाची सभेने वाहवा केली. इथेलला राग आला. पण जायला दुसरे ठिकाण नव्हते.

वसंतात नवा वादक आला. रिवाजाप्रमाणे त्याने बाहेर उभे राहून राजघराण्याची चाल वाजवली, आणि ती लांब नखांखाली खणखणली. इथेलने खांदा लावून दरवाजा उघडला.

“बाबा, समोरच्या झाडावर तो दोर कसला हो?” नव्या वादकाने आत येता येता विचारले.

“माझ्या भावाचा,” इथेल म्हणाला.

वादक घाईत होता, आत मेजवानी सुरू झाली होती. तो निघून गेला, आणि इथेलने खांद्यानेच दरवाजा लावून घेतला.