झिलीची जागा

बसा, सांगते. फक्त एवढं करा, मी बोलता बोलता थांबले की तुम्ही हौ म्हणा, हं म्हणा, काहीतरी म्हणा. तेवढी जागा रिकामी सोडू नका.

त्या दिवशी मी विरजण मागायला शेजारी गेले होते. आमची आणि रुख्माबाईची भिंत एकच. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली की डाळ कोणती शिजतेय ते मला इकडे कळतं. याला कोणी भोचकपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

ओसरीत पवन मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. पवन म्हणजे रुख्माबाईचा नातू. तिशी उलटली, वरातीत डीजे वाजवतो. मागची खोली त्यानं साफ केली आणि दारावर ‘स्टुडिओ’ अशी पाटी ठोकली. आत एक लॅपटॉप, एक माइक आणि उंदरांच्या लेंड्या.

आता त्याला एक डबी हवी होती. ऑडिओ इंटरफेस म्हणे. माइक आणि लॅपटॉपच्या मधे लावायची, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज मशीनला समजतो. ती कोणती घ्यावी, याचा अभ्यास कितीतरी दिवस चालला होता. मोबाइलमध्ये एक दाढीवाला एका डबीची आरती ओवाळायचा, दुसरा दाढीवाला तिच्यावरच थुंकायचा, आणि आमचा शहाणा दोघांनाही मान डोलवायचा. बारावीला एवढं डोकं लावलं असतं तर आज कचेरीत खुर्चीवर असता.

घाई का होती तेही सांगते. रुख्माबाईच्या गळ्यात गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, ऑपरेशन केलं तर बाई वाचेल, आवाज वाचणार नाही. आणि नात राखीचं लग्न तोंडावर आलेलं. बालाघाटातल्या आमच्या मोहल्ल्यातल्या साऱ्या हळदी रुख्माबाईनं गायल्या. स्वतःच्या नातीच्या हळदीला आपला आवाज मशीनमधून का होईना लागावा, एवढंच तिचं मागणं होतं.

पण तिचं गाणं एकटीचं कधी नव्हतंच. ती ओळ म्हणायची, आणि तिची जाऊ मैनाबाई ओळीचे शेवटचे शब्द उचलून झील द्यायची. झील संपली की पुढची ओळ. काही वर्षांपूर्वी मैनाबाई वारली, तसं रुख्माबाईनं गाणंच सोडलं होतं.

“दोन माइकवाली घे रे बाबू,” रुख्माबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“काहून आजी? गानारी तू एकटी.”

“अन् झील?”

“झील देनारी कुठं हाय आता?”

“मी देईन ना,” मी म्हटलं.

पवननं मानसुद्धा वर केली नाही. “काकी, तुमचा आवाज मंजे टमटमचा हॉर्न. माइक फाटन.”

रुख्माबाई खुदकन हसली. “खरंच हाय मंजू. तुह्या गळ्यात ते नाही.”

शेवटी त्यानं एकाच माइकची डबी मागवली. का, तर ‘कॉम्पॅक्ट’ आहे, खिशात मावते. आली तेव्हा पाहिली, साबणाच्या वडीएवढी! एवढ्यासाठी हा माणूस इतके दिवस कुथत होता.

रेकॉर्डिंग दुपारी ठरलं. जवळच्या राइस मिलला जेवणाची सुट्टी होते, तेवढ्याच वेळात आमच्याकडे शांतता असते. आवाज घुमू नये म्हणून पवननं पेटीतल्या गोधड्या काढून चारी भिंतींवर टांगल्या होत्या. खिडकी बंद, दिवा बंद, पंखा बंद. बाहेर भर उन्हाळा आणि आत काळोख, लॅपटॉपचा काय तो उजेड, तव्यासारखी तापलेली खोली. डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्याच्याखाली दुसरा वास होता… गुडाखूचा. मैनाबाई दिवसभर दातांना तंबाखूचा तो काळा गुडाखू चोळायची. आणि त्या गोधड्या तिच्याच लुगड्यांच्या होत्या, मी ओळखल्या. जुन्या कापडात वास राहतो, असं मी मनाला सांगितलं.

रुख्माबाईनं ओळ उचलली.

“वैनगंगेच्या पान्यात हळद मी कालवली…”

आणि थांबली. डोळे मिटून, मान किंचित उजवीकडे कलती करून. तिकडे मैनाबाई बसायची.

“आजी, थांबू नको ना!”

“झील झाल्याबिगर पुढची ओळ कशी उचलू?”

“थांब मंग. नंतर कापून टाकतो मी.” मग माझ्यावर उपकार केल्यासारखे त्यानं आपले हेडफोन माझ्या कानांवर चढवले. “ऐका काकी, कसं क्लियर येते. गप बसा फक्त.”

मी ऐकलं. रुख्माबाईचा श्वास, बांगडीची किणकिण, सारं कानात शिरल्यासारखं. तिनं ओळ म्हटली आणि थांबली. डबीवरचा हिरवा दिवा आवाजाबरोबर पेटायचा, तो विझायला हवा होता. विझला नाही. मंद लुकलुकत राहिला.

आणि कानात, अगदी जवळून, कोणीतरी लाळ गिळली. मग हळूच…

“मी कालवली… बाई, मी कालवली…”

मी हेडफोन ओढून काढले. खोली गप्प होती. रुख्माबाईचे ओठ मिटलेले. झील जेवढा वेळ चालावी तेवढाच वेळ ती थांबली, आणि बरोबर तालावर पुढची ओळ उचलली. चेहऱ्यावर हसू होतं.

“पवन… आतमंदी कोनीतरी बोललं.”

“लेटन्सी हाय ते, काकी. आवाज उशिरा वापस येते.”

“किती उशिरा?”

“सेकंदाचा बारीकसा तुकडा.”

“अन् मेल्यावर इतक्या वर्सानं येते का रे?”

तो हसला. ते हसणं मी विसरणार नाही. अडाणी बाईकडे पाहून असंच हसतात.

संध्याकाळी त्यानं गाणं तयार करून आजीला ऐकवलं. मधल्या साऱ्या रिकाम्या जागा कापून टाकल्या होत्या. ओळीला ओळ चिकटलेली. रुख्माबाई ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“मैनाले काढलं का रे तू?”

“कोनाले? तिथं काहीच नव्हतं आजी. खाली जागा होती.”

“तिचीच होती ते.” तिनं आपल्या उजवीकडची जागा हातानं चाचपली. मग म्हणाली, “आता मैना कुठं बसन?”

“पुन्हा जोडून दे,” मी म्हटलं, तर म्हणतो, मूळचं पुसून टाकलं, लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. एवढा मोठा रेकॉर्डिस्ट!

ऑपरेशन झालं. रुख्माबाई वाचली, आवाज गेला. राखीच्या हळदीला पवननं मोठ्या ऐटीत स्पीकर लावला. बायांनी झील द्यायला तोंडं उघडली, तर पुढची ओळ येऊन आदळली. गाणं कसलं, सुटलेली बस होती ती. बाया तोंडं मिटून बसल्या. राखी हळदीच्या अंगानं रडली. आणि रुख्माबाई गळ्याच्या पट्टीवर हात ठेवून आमच्या भिंतीकडे पाहत राहिली.

कारण तोवर मैनाबाई आमच्याकडे आली होती.

आधी मला वाटलं भास असेल. स्वयंपाकघरात मी म्हणाले, “दूध उतू चाललं.” भिंतीतून आलं, “उतू चाललं…” भांडी घासताना, देवाला दिवा लावताना, वाक्य संपवून मी श्वास घेतला की माझेच शेवटचे शब्द परत, आणि गुडाखूचा वास. आमच्या मोहल्ल्यात माझ्याइतकं बोलणारं कोण होतं? तिनं बरोबर घर निवडलं. तेव्हापासून मी थांबतच नाही. लोक म्हणतात, मंजूची टकळी वाढली.

हे फक्त रुख्माबाईला सांगितलं. तेव्हापासून ती रोज दुपारी, मिल बंद झाली की येते. भिंतीला टेकून बसते आणि बोटाच्या पेरानं जमिनीवर दोनदा ठोकते. म्हणजे बोल, आणि थांब. मला भीती वाटते, पण त्या बाईला नाही म्हणवत नाही. मी काहीतरी बोलते, थांबते. झील येते. रुख्माबाई डोळे मिटून हसते. तिचं आता तेवढंच उरलं आहे.

परवाही ती आली. मी तांदूळ निवडत होते. तिनं ठोकलं. मी म्हणाले, “यंदा तांदळात खडे फार,” आणि थांबले.

“खडे फार… बाई, खडे फार…”

आवाज दोन होते. एक मैनाबाईचा. दुसरा घोगरा, ओळखीचा… हळदीच्या ओळी उचलणारा.

रुख्माबाई माझ्यासमोर होती. ओठ मिटलेले. तिचा हात सावकाश गळ्याकडे गेला. या वेळी ती हसत नव्हती.

मग ठोकल्याचा आवाज आला, दोनदा. रुख्माबाईचे दोन्ही हात गळ्यावर होते. आवाज भिंतीच्या पलीकडून आला, त्या स्टुडिओतून. पवन वरातींसाठी बाहेरगावी गेलाय, त्याला कुलूप लावून किल्ली माझ्याकडेच ठेवून, आणि ती तेव्हा माझ्या कमरेला होती.

दोघी पुढची ओळ मागत होत्या…

हौ म्हणा ना. गप्प का झालात?